माझी वहिनी बुडाली नाही

जुहूच्या वाळूत सापडलेल्या त्या चपला मी ठेवल्या होत्या. वहिनीने नाही.

एवढं लिहायला मला एकवीस वर्षं लागली. आता लिहिलंच आहे तर पुढचंही लिहितो. माझ्या मोठ्या भावाची बायको समुद्रात गेली नाही. तिने जीव दिला नाही. ती कुणा पुरुषाबरोबर पळाली नाही. एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला ती बोरिवलीच्या एसटी डेपोतून घाटावरच्या एका गावाला निघून गेली, पूर्ण शुद्धीत, आणि तिकीट काढून द्यायला मी हजर होतो. तिला जायला मदत केली याची मला चौऱ्याहत्तराव्या वर्षीही लाज वाटत नाही. लाज वाटते ती त्याच दिवशी दुपारी मी जे केलं त्याची. आमची भावकी या दोन गोष्टींची एकच मोट बांधते. मी बांधू देणार नाही.

आम्ही मूळचे कोकणातले. वडील गिरणीत होते, आम्ही दोघे भाऊ जोगेश्वरीच्या चाळीत वाढलो. भाऊ महापालिकेत लागला, मी अंधेरीच्या एका कारखान्यात फिटर. लग्नानंतर मी त्याच चाळीत चार खोल्या सोडून राहायला गेलो. भाऊ सज्जन माणूस होता. दारू नाही, हात उगारणं नाही, मंडळाच्या भजनात पेटी वाजवायचा. त्याला एकच खोड होती. वहिनीला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तो द्यायचा.

"वहिनी, चहा टाकायला सांगू?" मी विचारायचो.

"ती घेते. अर्धा कप."

"वहिनी, गावी येणार ना यंदा?"

"तिला नाही झेपत बोटीचा रस्ता."

बोट बंद होऊन तोवर वीस वर्षं झाली होती. आम्ही हसायचो. वहिनीही हसायची. मूलबाळ नव्हतं; त्याबद्दल डॉक्टरांनी विचारलं तेव्हा दुखतं कुठे, पाळी कधी येते, हेसुद्धा भावानेच सांगितलं म्हणे. तेव्हाही आम्ही हसलो. बावीस वर्षं हे चाललं.

मग एकदा ती उठून दहिसरला आईकडे गेली आणि म्हणाली, मी परत जाणार नाही. तिची आई विधवा, नदीजवळच्या चाळीत एकटी राहायची. चौथ्या दिवशी आईने तिची ओटी भरली, डब्यात लाडू दिले आणि स्वतः सोबत येऊन तिला जोगेश्वरीला आणून सोडलं. त्या रविवारी मंडळाच्या खोलीत भावकी बसली. मीही होतो. सगळ्यांनी तिला एकच विचारलं, "मारत नाही, पीत नाही, मग तुझं दुखतंय तरी काय गं?" ती उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच भाऊ म्हणाला, "काही नाही, तिला थोडा थकवा आहे." आणि मी, धाकटा दीर, काय म्हणालो? मी म्हणालो, "वहिनी, नशीब समजा, असा नवरा मिळालाय."

सहा महिन्यांनी ती माझ्याकडे आली. माझी बायको बाजारात गेली होती. उभ्याउभ्याच म्हणाली, "भाऊजी, त्या दिवशी तुम्ही बोललात, तेव्हा तुमची मान खाली होती. म्हणून तुमच्याकडे आले. मला जायचंय. दहिसरला नाही, लांब. भांडायचं नाही, कोर्टात जायचं नाही. नुसतं जायचं."

"वहिनी, लोक काय म्हणतील?"

"ते माझ्या कानावर येणार नाही एवढं लांब बघा."

कारखान्यातला माझा एक जुना सोबती स्वेच्छानिवृत्ती घेऊन आपल्या गावी गेला होता. त्याची बायको मुलींचं वसतिगृह चालवायची. स्वयंपाकाला बाई हवी होती. मी त्याला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "पाठव. इथे कोण विचारतंय."

डेपोत मी तिला विचारलं, "प्रवासात काही घेऊ का प्यायला?" ती म्हणाली, "मी बघते." स्टॉलसमोर ती उभी राहिली ती राहिलीच. लिंबू सरबत, कोकम, ताक, चार रंगांची थंड पेयं. दुकानदार दोनदा म्हणाला, "ताई, बोला ना." कंडक्टरने घंटी मारली. मी ओरडलो, "वहिनी, काहीही घ्या हो, गाडी सुटेल!" ती वळली आणि म्हणाली, "सुटू दे, दुसरी येईल." शेवटी ताक घेतलं. गाडी थांबली होती, कंडक्टर भला होता.

चढण्यापूर्वी तिने मला दोन गोष्टी दिल्या. एक पिशवी, त्यात तिच्या जुन्या चपला आणि फाटकी पर्स. पायात तिने नव्या घातल्या होत्या. "हे टाकून द्या कुठेतरी." आणि एक बंद पाकीट. "हे आईला. आजच द्या. तिचा जीव टांगणीला नको."

मी दहिसरला गेलो नाही.

त्या आठवड्यात माझ्या मुलीचा साखरपुडा अकरा दिवसांवर आला होता. स्थळ चांगलं होतं, मुलुंडचं. आमच्या भावकीत पूर्वी एक सून नवऱ्याला सोडून गेली होती आणि त्या घरातल्या दोन मुलींची लग्नं कित्येक वर्षं रखडली होती. ज्या घरची बाई जाते त्या घरची मुलगी कोणी करत नाही, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी डेपोच्या बाकावर बसून पाकीट फोडलं आणि वाचलं. पत्र चार ओळींचं, पण त्यात स्पष्ट होतं की ती स्वखुशीने गेली. आईच्या हाती ते पडलं की संध्याकाळपर्यंत दोन्ही चाळींना कळणार. मग मुलुंडला.

निघून गेलेल्या काकूमुळे लग्न मोडतं. मेलेल्या काकूमुळे नुसतं पुढे जातं. हा हिशोब माझ्या डोक्यात किती पटकन जमला याची मला आजही भीती वाटते. मी बस बदलत जुहूला गेलो आणि गर्दीपासून लांब चपला पाण्याच्या बाजूला ठेवल्या. शेजारी पर्स. पर्समध्ये डॉक्टरचा कागद होता, त्यावर तिचं नाव.

त्या रात्री भावाबरोबर जाऊन वहिनी हरवल्याची तक्रार मीच लिहून दिली. दुसऱ्या दिवशी एका भेळवाल्याने त्या चपला पोलिसांना दिल्या. जवळच्या कोळीवाड्यातली माणसं दोन दिवस होडी घेऊन शोधत होती. त्यांनी आमच्याकडून काही घेतलं नाही. त्यातला एक म्हातारा मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, चपला एकदम भरतीच्या रेषेच्या वर होत्या. पाण्याला भिणाऱ्या माणसाने ठेवल्यासारख्या." मी त्याच्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने होडी काढली नाही.

मुलुंडचे लोक भेटायला आले. व्याही म्हणाले, "तुमचं दुःख ते आमचं." लग्न चार महिन्यांनी झालं. थाटात झालं.

वहिनीच्या आईला मी मावशी म्हणायचो. बातमी कळली तेव्हा ती रडली नाही. तिने मासे सोडले. ज्यांना हे साधं वाटेल त्यांनी एखाद्या मालवणी म्हातारीला विचारावं. सकाळी कोळीण दारात आली की मावशी टोपलीत कोपरापर्यंत हात घालून बांगडे निवडायची. ती बाई आता दार लावून घेऊ लागली. सोमवार, संकष्टी, काही नसताना वरणभात. बरणीतला सुका जवळासुद्धा शेजारणीला देऊन टाकला.

मी वर्षातून दोनतीनदा जायचो. पाकीट खिशात असायचं. एकदा बायकोने बांगड्याचं तिखलं डब्यात दिलं. मी म्हटलं, "मावशी, एक घास खा. तब्येत बघा काय झालीय."

तिने डबा माझ्याकडे सरकवला. "माझ्या चेडवाक दर्यान गिळल्यान. तेतलो मासो मी खाव? उद्या काट्याबरोबर तिचा मणी येयत तोंडात."

मी डबा बंद केला.

"आणि दर्याचो तरी काय दोष," ती म्हणाली, "मीच तिका परत पाठवलंय. लाडू देवन."

पत्र माझ्या छातीपाशी होतं. त्यात तिच्या याच दुखण्याचं औषध होतं. मी चहा पिऊन घरी आलो.

वहिनी वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, फोन करायची. पहिल्याच फोनवर तिने विचारलं, "आईने पत्र वाचलं? काय म्हणाली?" मी म्हणालो, "रडल्या. मग शांत झाल्या." पुढे दर वर्षी "आई कशी आहे?" आणि दर वर्षी "बऱ्या आहेत." ती म्हणायची, "रागावलीय वाटतं. निरोप तरी द्यायचा तुमच्याकडे." मी विषय बदलायचो.

नवव्या वर्षी मावशी बोरिवलीच्या एका दवाखान्यात होती. मी ठरवून गेलो होतो. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तिनेच सुरुवात केली. माझं मनगट धरून म्हणाली, "तू येतस, बसतस, कायतरी सांगूचा आसा तसो बघतस. तुका काय म्हायत आसा काय रे?"

मी म्हणालो, "नाही मावशी."

मुलीचं लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती, तिला दोन मुलं होती, कोणीही काही मोडू शकत नव्हतं. तरी मी नाही म्हणालो. आता मी फक्त स्वतःला वाचवत होतो. त्या आठवड्यात ती गेली. वहिनीला मी दोन महिन्यांनी कळवलं आणि सांगितलं की शेवटी तुमचं नाव घेत होत्या. एवढंच खरं सांगितलं.

पितृपक्षात आमच्यात म्हाळ घालतात. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचा म्हाळ नवमीला. एका सवाष्णीला जेवायला बसवायचं, हिरवी साडी द्यायची, गेलेल्या बाईच्या नावाचं पान कावळ्याला ठेवायचं. आणि घरातल्या सगळ्यांत मोठ्या पुरुषाने हात जोडून तिचं नाव मोठ्याने घ्यायचं. भाऊ हे दर वर्षी न चुकता करायचा. त्याने दुसरं लग्न केलं नाही. लोक पाठीमागे त्याला बायको मारलेला म्हणायचे, हे त्याला माहीत होतं आणि त्याने ते सोसलं. त्याचाही मी अपराधी आहे. पानावर तो घारगे वाढायला लावायचा. "तिला घारगे फार आवडायचे." वहिनीला गोड मुळीच आवडायचं नाही.

मागच्या वर्षी भाऊ गेला. आता घरात मोठा मी. यंदा पितृपक्षाच्या आधी चुलतभावाने फोन केला. "भटजी म्हणाले, नवरा गेल्यावर नवमी बंद. आता दोघांचं एकत्र घालायचं. नावं तू घ्यायचीस."

चपला ठेवल्या, पत्र दाबलं, मरणाऱ्या बाईशी खोटं बोललो. पण जिवंत बाईचं नाव मेलेल्यांत स्वतःच्या तोंडाने घ्यायचं, तिथे मी अडलो. का अडलो ते सांगता येणार नाही. माणूस सगळीकडे वाकतो आणि एका ठिकाणी वाकत नाही.

मी वहिनीला फोन केला. यावेळी मी केला. ती आता ते वसतिगृहच चालवते. मागे मुलींचा गलका होता. मी चपलांपासून सुरुवात केली. तिला इतकी वर्षं वाटत होतं की सगळ्यांना पत्रातलं माहीत आहे, सगळे रागावलेत, म्हणून कोणी चौकशी करत नाही. ती मेली आहे हे तिला माझ्याकडून पहिल्यांदा कळलं. मग मी मावशीच्या माशांचं सांगितलं.

ती फोन बाजूला धरून कोणाला तरी म्हणाली, "दार लाव गं." मग म्हणाली, "तुम्ही पत्र वाचलंत."

"हो."

"आणि दिलं नाहीत."

"नाही दिलं."

"इथे मासे मिळत नाहीत. मी सुके बोंबील मागवून घ्यायची. आईची आठवण आली की भाजायची. वास आला की पोरी ओरडायच्या. नऊ वर्षं, भाऊजी. तिला एक ओळ पुरली असती."

"वहिनी, मी..."

"थांबा. तुमचे भाऊ माझ्या वतीने नुसते बोलायचे. तुम्ही माझ्या वतीने मेलात."

मी हे उत्तर सहन केलं, कारण ते बरोबर होतं.

"आता मी सांगते ते करा," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर पत्र वाचा. पत्ता सांगू नका. आणि मला फोन करू नका. करायचा असेल तर मी करीन."

म्हाळाच्या दिवशी भावाच्या फ्लॅटमध्ये तीसेक माणसं होती. चाळ पाडून तिथे इमारत झाली आहे. पान गच्चीवर ठेवतात. भटजींनी मला बोलावलं. मी हात जोडले, वडिलांचं नाव घेतलं, आईचं घेतलं, भावाचं घेतलं आणि थांबलो. चुलतभाऊ कुजबुजला, "वहिनीचं राहिलं."

"राहिलं नाही. ती जिवंत आहे."

आधी कोणाला कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं, उभ्याने, आणि पाकिटातलं पत्र काढून वाचलं. ते असं होतं:

"आई, मी चांगली आहे आणि चांगली राहीन. कोणी मला नेलेलं नाही, मी एकटी जाते आहे. तू मला परत पाठवलंस म्हणून मी रागावले नाही, तुला दुसरं काय सुचणार होतं. पण पुन्हा पाठवशील म्हणून पत्ता देत नाही. तू मासे जास्त तिखट करू नकोस, पित्त होतं."

एक चुलतबहीण रडायला लागली. बाकीचे ओरडायला लागले.

"म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय."

"फ्लॅटसाठी जिवंत केलीय हिला! आता हक्क सांगायला येईल बघ."

"पण कोणाबरोबर गेली ते सांग ना."

"एकटी," मी म्हणालो.

"एकटी कशी जाईल?"

"एसटीने."

कोणीतरी फिस्सकन हसलं, त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं. चुलतभाऊ माझ्या तोंडापाशी आला. "अरे पण कारण काय? दादा मारत होता? पीत होता?"

"नाही. तरी तिला राहायचं नव्हतं. तेव्हाही तुम्ही हेच विचारलंत, मीही तुमच्यात होतो. कारण तिचं होतं, तिला पुरलं."

"आणि एवढी वर्षं आम्ही सवाष्णी जेवू घातल्या त्या?"

"त्या जेवल्या ना? मग झालं."

माझी मुलगी मुलुंडहून आली होती. ती बाल्कनीत उभी राहून सगळं ऐकत होती. मी तिच्याकडे गेलो. मला वाटलं, ती तरी म्हणेल की बाबा, माझ्यासाठी केलंत. ती म्हणाली, "माझ्या नावावर हे टाकू नका. मला विचारलं असतंत तर मी लग्न मोडू दिलं असतं." मग आत जाऊन तिने पानं मांडायला घेतली, कारण माणसं उपाशी होती. तिने एक पान कमी मांडलं, वहिनीच्या नावाचं.

मंडळाने मला पुढच्या कार्यक्रमांना बोलावणं बंद केलं आहे. ठीक. बायको म्हणते, पोलिसांकडे जाऊन खोटी तक्रार केली होती हे सांगून या. मी जाऊन आलो. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने सगळं ऐकून घेतलं, जबाब लिहून घेतला आणि बोलावू तेव्हा या म्हणाला. बोलावलं की जाईन. जी शिक्षा होईल ती होऊ दे. मला त्यात सूट नको.

गेल्या आठवड्यात चुलतभाऊ घरी आला. चहा घेतला, तब्येतीची चौकशी केली आणि मग म्हणाला, "झालं गेलं जाऊ दे रे. आता तीही म्हातारी झाली. एवढ्या लांब, परक्यांत. आपण चारजण जाऊ, समजूत घालू, घेऊन येऊ. तिलाही तेच हवं असणार. फक्त गाव सांग."

"तिला काय हवंय ते तुला कसं कळलं?"

"त्यात कळायचं काय? माणसाला शेवटी आपली माणसंच..."

"चहा संपव," मी म्हणालो.

"म्हणजे सांगणार नाहीस?"

"नाही."

"तुझ्यानंतर कोणाला माहीत असणार?"

"तिला."

तो उठला, चपला घालताना पुटपुटला की या वयातही तुझा माज उतरला नाही. मी दार लावलं. वहिनीचा फोन आलेला नाही. दिवाळी होऊन गेली. तो येईल असं मला वाटत नाही, आणि यायलाच हवा असंही मी कोणाला म्हणू देणार नाही.